ऐकलेली शिकवण पवित्र शास्त्राशी कशी पडताळून पाहावी

बिरुया या गावातल्या यहूद्यांनी प्रेषित पौलाचा संदेश उत्सुकतेने ऐकला आणि तो सांगतो ते तसेच आहे की काय, हे ते रोज शास्त्र उघडून पाहू लागले (प्रेषितांची कृत्ये १७:११). हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, उलट त्यांच्या मोठ्या मनाची वाखाणणी करतो. तेव्हा पाळकांचा संदेश पडताळणे म्हणजे अविश्वास, ही धास्ती आधी सोडा.

सामान फार लागत नाही: छापील बायबल, वही आणि निवांत तासभर. जमल्यास दोन भाषांतरे शेजारी ठेवा, उदाहरणार्थ बायबल सोसायटीचे आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले. रोज एक वचन पाठवणारे मोबाइल ॲप या कामाला निरुपयोगी. त्याच्या संदेशात आजूबाजूच्या ओळी नसतात.

पहिले काम म्हणजे शिकवण एका वाक्यात लिहून काढणे. ‘देव आशीर्वाद देतो’ हे तपासता येत नाही, इतके ते मोघम आहे. ‘विश्वास पुरेसा असेल तर विश्वासणारा आजारी राहत नाही’ हे तपासता येते. त्याखाली संदेशात आधाराला दिलेले वचन लिहा. वचन दिलेच नव्हते, तर ती नोंदही करा, कारण काही प्रसिद्ध वाक्ये बायबलमध्ये मुळात नाहीतच. ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे त्यातलेच. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला भेटायला मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात. ते राजे होते असे तिथे नाही आणि ते किती होते हेही नाही. तीन आहेत त्या भेटी. गोव्यात ६ जानेवारीला रेईश मागूश, चांदोर, कासावली इथे तीन राजांचा सण होतो तो मंडळीच्या परंपरेतून. तो आनंदाने साजरा करावा, फक्त परंपरा म्हणून ओळखावा.

आता वचनाच्या मागेपुढे वाचा. निदान अख्खा अध्याय, आणि पत्र असेल तर पूर्ण पत्र. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचे आहे, अर्ध्या तासाच्या आत संपते. वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारात आज वापरतो ते आकडे रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. आकडा संपला म्हणजे विचार संपला असे धरू नका. अध्यायांमधली ठळक शीर्षकेही संपादकांची असतात.

बहुतेक गफलत इथेच होते. खोटे वचन फारसे कुणी सांगत नाही, खरे वचन कापून सांगितले जाते. यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत हे वचन नववर्षाच्या वचनकार्डांवर हटकून असते, आणि त्यावरून ‘यंदा नोकरी, यंदा घर’ असे सांगितले जाते. आता एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचे जू मोडेल आणि त्याने बाबेलला पकडून नेलेले बंदिवान परत येतील. यिर्मया या संदेष्ट्याने त्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेले जू काढून तो मोडूनही दाखवतो. लोकांना हवा असलेला संदेश हाच होता. एकोणतिसाव्या अध्यायात यिर्मया बंदिवानांना पत्र लिहितो: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, तुमच्यातल्या संदेष्ट्यांना फसू नका, कारण परत यायला सत्तर वर्षे लागतील. अकरावे वचन याच्या लगेच पुढचे आहे. पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ बाबेलातच मरणार होते. देव आपल्या लोकांना विसरत नाही हे या वचनातून जरूर घ्यावे. ‘यंदाच’ हा शब्द मात्र हनन्याचा.

पुढे बोलणारा कोण, हे पाहा. ईयोबाच्या मित्रांची भाषणे बायबलमध्येच आहेत आणि ऐकायला धार्मिक वाटतात; पण ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे देव शेवटी सांगतो (ईयोब ४२:७). मत्तय ४:६ मध्ये तर सैतानच स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. लिखाणाचा प्रकारही ओळखा. नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि पाचवे म्हणते दे. ही प्रसंग पाहून वापरायची शहाणपणाची वाक्ये आहेत, हमीपत्रे नव्हेत.

यानंतरचे काम लोक टाळतात: आपल्या मताविरुद्धची वचने शोधणे. बायबलच्या समासात छापलेले संबंधित वचनांचे संदर्भ यासाठीच असतात. आजाराविषयीच्या त्या वाक्याला यशया ५३ चा (त्याच्या जखमांनी आपण बरे झालो) आधार देतात. पेत्र ते पापाच्या संदर्भात वापरतो (१ पेत्र २:२४), पण मत्तय ८:१७ मध्ये तोच अध्याय शारीरिक आजारांना लावला आहे. म्हणजे ‘आजाराशी संबंधच नाही’ असेही म्हणता येत नाही. आता दुसरी बाजू, पौलाच्या तीन सहकाऱ्यांची: पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले (२ तीमथ्य ४:२०), एपफ्रदीत मरणाला टेकला होता (फिलिप्पै २:२७), आणि तीमथ्याला पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). कुठेही त्यांच्या विश्वासाला दोष दिलेला नाही. देव बरे करतो हे टिकते. ‘बरे झाला नाहीत म्हणजे विश्वास कमी’ हे पडते. कुणी या शिकवणीवरून औषध बंद करायला सांगत असेल, तर पडताळणी होईपर्यंतही ऐकू नका.

निकाल लिहिताना वाक्यासमोर तीनपैकी एक खूण करा: स्पष्ट लिहिले आहे, अनेक वचनांवरून काढलेला निष्कर्ष आहे, किंवा आधार नाही. मधल्या खुणेची वाक्ये बरीच निघतील आणि त्यांवर मंडळ्यांमध्ये प्रामाणिक मतभेद असतात. तिथे दुसऱ्याला खोटा शिक्षक ठरवण्याची घाई नको. न आवडणाऱ्या उपदेशकाला लावता ती चाळणी आवडत्यालाही लावा.

शंका उरली तर पाळकांना एकटे गाठून विचारा, व्हॉट्सॲप गटात नव्हे. ‘हे चूक आहे’ अशी सुरुवात करू नका. ‘पास्टर, हे कोणत्या वचनावरून घेतलंत? मी मागचा अध्याय वाचला, तिथे मला असं दिसलं’ एवढे पुरे. वही सोबत न्या.