पावसाळ्यात ओला कचरा बंद डब्यात कसा ठेवावा

पाऊस लागला की कचऱ्याची गाडी एखादा दिवस चुकते, आणि नेमकी त्याच दिवशी घरात सुंगटं (कोळंबी) आणलेली असतात. झाकणाचा डबा आणला की प्रश्न सुटला असं वाटतं. पण झाकणाने कुत्री, कावळे आणि पाऊस तेवढे बाहेर राहतात. आतल्या पाण्याचं काय? सगळी गोम तिथेच आहे.

बंद डब्यात ओलावा साचला की हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. गोव्यातल्या साळगावच्या कचरा प्रकल्पात याच क्रियेने ओल्या कचऱ्याचा गॅस करतात आणि त्यावर वीज तयार होते. आपल्याला मात्र ती क्रिया स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नको आहे.

म्हणून आधी निथळा. सिंकमध्ये एक जुनी चाळण ठेवून द्या. चहाचा चोथा, उरलेला भात, आमटीतल्या भाज्या, सगळं आधी तिच्यात. रात्रभर निथळलेला कचरा सकाळी डब्यात जातो.

डबा म्हणून रंगाची रिकामी 20 लिटरची बादली उत्तम, झाकण घट्ट बसणारी. दोन ठेवल्यात तर एक धुऊन वाळत असताना दुसरी वापरता येते. तळाशी चार बोटं कोरडा थर घाला: सुताराकडचा लाकडाचा भुसा, नारळाच्या सोडणाचा भुगा किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद. नंतर कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्यातलीच एक मूठ. प्लॅस्टिकची पिशवी आत लावू नका. ती शेवटी ओल्या कचऱ्यातच जाते आणि पुढे कोणाला तरी हाताने वेगळी काढावी लागते.

मासळीची गोष्ट वेगळी. डोकी, खवले, सुंगटांची सालं कितीही निथळली तरी वास यायचाच. ते कागदात गुंडाळून, घट्ट डब्यात घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी यायच्या सकाळीच बाहेर काढा. डब्यावर ठळक अक्षरात लिहायला विसरू नका. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी तो डबा कालवणासाठी काढून ठेवला होता.

बादली दोन दिवसांपेक्षा जास्त भरलेली ठेवू नका. गरम, दमट हवेत माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत नव्या माश्या उडायला लागतात. गाडी चुकून बादली जास्त दिवस राहिलीच, तर झाकण अंगणात नेऊन हळू उघडा, तोंड लांब ठेवून. आत गॅस साठलेला असतो.

रिकामी बादली साबणाने धुऊन पालथी घाला. ब्लीचिंग पावडर वापरायची तर एकटीच वापरा. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ती कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन सुटतो.

करवंट्या वेगळ्या वाळवा. त्या लवकर कुजत नाहीत, आणि ज्यांच्याकडे अजून भाण (अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) चुलीवर तापते त्यांना जळण मिळतं. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे. बॅटरी, ट्यूबलाइट, जुनी औषधं यांची पिशवी स्वतंत्र. 2016 च्या घनकचरा नियमांतही घरातला धोकादायक कचरा वेगळाच मागितला होता. मोबाइलची बॅटरी तर कचऱ्याच्या डब्यात मुळीच नको, दाबली गेली की ती पेट घेते.

सोसायटीत 240 लिटरचे चाकांचे डबे असतात. ते मातीत नको, ओट्यावर ठेवा आणि वर छप्पर घाला. डबे धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात सोडू नका, ते मलनिस्सारणाच्या चेंबरमध्येच जाऊ द्या. झाकणाला खोलगटपणा असेल तर रोज पाणी उलटून टाका. डेंग्यूच्या डासाला तेवढंही पुरतं. आणि झाकण तुटलं तर त्याच आठवड्यात बदला, नाहीतर भटकी कुत्री रात्रीत सगळा कचरा वाटेवर पसरतात.