आमिश प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

आमिश म्हणजे अमेरिकेतला, वीज आणि मोटार नाकारून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती समाज. त्याच्या पार्श्वभूमीवरची ख्रिस्ती प्रेमकथा मराठीत लिहायला किंवा अनुवादायला बसलेल्या लेखकाची पहिली अडचण अगदी किरकोळ असते. मोबाइलचा कळफलक ‘आमिश’चे ‘आमिष’ करून ठेवतो आणि पेनसिल्व्हेनियातली एक सालस शेतकरी मुलगी ‘आमिष तरुणी’ होऊन बसते. ही चूक शोधून बदलायला एक मिनिट पुरते. खाली ज्या चुकांबद्दल लिहिले आहे त्या कथानकाच्या मुळाशी असतात आणि शेवटच्या मुद्रितशोधनात दुरुस्त होत नाहीत.

अशा कथांची जी हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतली बरीचशी चौथ्या-पाचव्या प्रकरणात अडकलेली असतात. नायक-नायिका एकमेकांना आवडलेले असतात, दोघेही सज्जन असतात, दोन्ही घरांची ओळख असते, आणि मग लग्नाआधी दोनशे पाने भरायची कशी, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून कोठाराला आग लागते, घोडा उधळतो किंवा गावचा बिशप अचानक दुष्ट होतो. खरे दुखणे वेगळेच असते. दोघांपैकी कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, हे लेखकाने ठरवलेलेच नसते.

आमिश लोक अ‍ॅनाबॅप्टिस्ट परंपरेतले आहेत. ही परंपरा १५२५ मध्ये झुरिकला सुरू झाली, आणि तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा न करता जाणत्या वयात स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेणे हाच तिचा गाभा आहे. १६९३ मध्ये याकोब आमान यांच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली आणि त्यांच्यावरूनच ‘आमिश’ हे नाव पडले. त्यामागच्या वादांत मंडळीतून, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांतून, काढलेल्या माणसाशी किती कडकपणे संबंध तोडायचे, हा वाद प्रमुख होता. म्हणजे या समाजाच्या नावातच कथानकाची ठिणगी आहे. आमिश मुलगा सोळाव्या वर्षाच्या आसपास तरुणांच्या गटात वावरू लागतो. या काळाला ‘रुमश्प्रिंगा’ म्हणतात. बाप्तिस्मा साधारण अठरा ते बावीस या वयात होतो, आणि वधू-वर दोघांचाही बाप्तिस्मा झाल्याशिवाय मंडळीत लग्न लागत नाही. बाप्तिस्म्याआधी घर सोडून गेलेल्या मुलाबद्दल आई रात्र-रात्र जागते, पण तो दिवाळीला गावी यावे तसा घरी येऊन सगळ्यांबरोबर जेवू शकतो. बाप्तिस्म्यानंतर गेलेल्या मुलाला तसे जेवता येत नाही. हा फरक लेखकाच्या मनात स्पष्ट असला, तर नायकाने बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोन महिन्यांनी नायिकेचे मन डळमळू लागणे, एवढ्या एका गोष्टीवर अर्धी कादंबरी उभी राहते. आगीची गरज उरत नाही.

रुमश्प्रिंगाबद्दल एक गोष्ट लगेच सांगायला हवी. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांमुळे तो दारू, मोटारी आणि शहरातल्या धिंगाण्याचा काळ, असा समज पसरला आहे. काही ठिकाणी काही मुले तसे वागतातही. पण बहुतेकांसाठी त्याचा अर्थ रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमून गाणी म्हणणे आणि नंतर एखाद्या मुलाने एखाद्या मुलीला बग्गीतून घरी सोडणे, एवढाच असतो. यातली बहुसंख्य मुले पुढे बाप्तिस्मा घेऊन समाजातच राहतात. म्हणून ‘ती पळून जाईल का?’ हा प्रश्न पुस्तकभर ताणण्याऐवजी ‘ती कोणाच्या बग्गीत बसली हे कोणी पाहिले?’ हा प्रश्न जास्त खरा आणि जास्त रंजक ठरतो.

आता ‘वाळीत टाकणे’. इंग्रजी पुस्तकातला ‘शनिंग’ हा शब्द मराठीत आणताना अनुवादक सहज हा शब्द वापरतो, आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाला तो शब्द वाचताच जातपंचायत, दंड आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आठवतो, आणि त्या आठवणीचा सगळा भार आमिश प्रसंगावर पडतो. आमिशांमध्ये ही शिस्त फक्त बाप्तिस्मा घेऊन वचन मोडणाऱ्या व्यक्तीला लागते, तिच्या घराण्याला लागत नाही. तिच्याशी बोलता येते, अडचणीत तिला मदतही करता येते. पण एका टेबलावर बसून जेवायचे नाही आणि तिच्या हातून काही घ्यायचे नाही, असे नियम पाळले जातात. त्यांचा कडकपणा मंडळीनुसार बदलतो. आणि मंडळीपुढे गुडघे टेकून चूक कबूल केली, की माणूस पुन्हा पूर्णपणे आत घेतला जातो. काही घरांत बहिष्कृत मुलगा जेवायला आला की दोन टेबले एकमेकांपासून चार बोटे दूर ठेवतात आणि दोन्हींवर एकच चादर अंथरतात, म्हणजे नियमही पाळला जातो आणि तो सगळ्यांबरोबर बसल्यासारखाही दिसतो. या चादरीबद्दल माहिती असलेला लेखक आईच्या तोंडी रडारडीचे संवाद घालणार नाही. ती चादर सारखी करताना आईचा हात फटीपाशी थबकला, एवढे लिहिले तरी पुरेल.

बिशपला खलनायक करण्याची चूकही याच अज्ञानातून येते. तो गावचा पाटील नसतो. त्याला पगार नसतो, त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले नसते आणि त्याने ही जागा मागितलेलीही नसते. मंडळीतल्या स्त्री-पुरुषांनी सुचवलेल्या विवाहित पुरुषांपुढे तितकीच गीतपुस्तके ठेवतात, त्यांतल्या एकात चिठ्ठी असते, आणि ज्याच्या हाती ती येते तो त्या क्षणापासून आयुष्यभरासाठी उपदेशक होतो. अशाच उपदेशकांतून चिठ्ठीनेच पुढे बिशप निवडला जातो. चिठ्ठी निघाल्यावर आनंदाने कोणी हसत नाही. त्याची बायको बहुधा रडते. नायिकेचा बाप असा चिठ्ठीने बिशप झालेला दाखवा, मुलीच्या प्रकरणात नियम लावायची वेळ त्याच्यावर येऊ द्या, आणि खलनायक कुठे आहे ते शोधायचे काम वाचकावर सोपवा.

श्रद्धेच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत सूक्ष्म असते, आणि अनेक गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांतही ती आढळते. या प्रकारच्या कादंबऱ्या मुख्यतः इव्हँजेलिकल, म्हणजे वैयक्तिक श्रद्धेच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, वाचकांसाठी लिहिल्या जातात. जॅनेट ओक यांच्या १९७९ च्या पहिल्या कादंबरीपासून ही वाट रुळली आणि बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ च्या कादंबरीने तिला आमिश वळण दिले. त्या वाचकाला नायकाने एका क्षणी प्रभूला हृदयात स्वीकारावे आणि ‘माझे तारण झाले’ असे ठामपणे म्हणावे, अशी अपेक्षा असते. जुन्या वळणाचा आमिश माणूस असे म्हणायला कचरेल. आपले तारण झालेच आहे असे छातीठोकपणे सांगणे त्याला गर्व वाटतो. तो ‘जिवंत आशा आहे’ असे म्हणतो आणि पुढे कामाला लागतो. जेवणाआधी आणि नंतर घरातले सगळे मान खाली घालून मूकपणे प्रार्थना करतात. तेथे नायकाने डोळे मिटून पाऊण पान उत्स्फूर्त प्रार्थना मोठ्याने म्हटली, तर आमिश वाचक पुस्तक मिटून ठेवील. तसा प्रसंग हवाच असेल तर घर ‘न्यू ऑर्डर’ आमिशांचे दाखवावे. ही शाखा १९६० च्या दशकात ओहायोत वेगळी झाली आणि तिच्यात बायबल-अभ्यास व वैयक्तिक श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलणे जास्त आहे. आपल्याकडचा धडा याहून जुना आहे. १८५७ ची बाबा पदमनजींची ख्रिस्ती वळणाची मराठी कादंबरी ‘यमुनापर्यटन’ आज वाचताना विधवांच्या हकिकती मनाला भिडतात आणि उपदेशाची पाने मात्र भराभर उलटली जातात.

लग्नाच्या प्रकरणात तर चुकांची रांगच लागते. अंगठी नको, पांढरा गाऊन नको, वेदीसमोरचे चुंबन नको. चर्चची इमारतही नको, कारण जुन्या वळणाचे आमिश एक रविवार सोडून एकेकाच्या घरी उपासनेला जमतात आणि बाकांनी भरलेली गाडी त्या घरी आधीच पोचलेली असते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात लग्ने शेतीची कामे उरकल्यावर, मुख्यतः नोव्हेंबरात, मंगळवारी किंवा गुरुवारी लागतात. वधूचा पोशाख बहुधा निळा असतो आणि तो तिने स्वतः शिवलेला असतो. त्यावरचा पांढरा एप्रन नंतर जपून ठेवतात आणि मृत्यूनंतर तोच तिला नेसवतात. पाहुणे तीनशेच्या घरात असतात. सोयरीक मात्र शेवटपर्यंत गुप्त ठेवतात, आणि ज्या रविवारी ती मंडळीत जाहीर होते त्या दिवशी परंपरेने वधू उपासनेला न जाता घरी राहून होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वयंपाक करते. लग्नानंतर नवरा दाढी राखतो, मिशी मात्र राखत नाही. दुसऱ्या भागात दोन मुलांचा बाप झालेला नायक गुळगुळीत दाढी करून शेतात निघालेला मी वाचला आहे.

भूगोलाचेही तसेच. आमिशांची लोकसंख्या आता चार लाखांच्या आसपास आहे आणि त्यांच्या वस्त्या एकसारख्या नाहीत. लँकेस्टरची बग्गी राखाडी, ओहायो-इंडियानाची काळी, आणि पेनसिल्व्हेनियातल्याच बिग व्हॅलीत पिवळ्या व पांढऱ्या छताच्याही बग्ग्या दिसतात. स्टोल्टझफस आणि लॅप ही आडनावे लँकेस्टरची, तर ट्रॉयर आणि हर्शबर्गर ओहायोची. आपल्याकडे देसाई म्हटले की कोकण आणि मोहिते म्हटले की देश डोळ्यांपुढे यावा, तसेच. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यात ओहायोतल्या होम्स परगण्याच्या रस्त्यावर राखाडी बग्गी धावत होती, आणि ती मला छपाईच्या आदल्या आठवड्यात दिसली.

कथा शंभर-दीडशे वर्षे मागे नेली की वेगळ्याच अडचणी येतात. १८८० मध्ये आमिश कुटुंब घोडागाडीतून जाते याचे कोणालाही नवल वाटत नव्हते, कारण सगळेच घोडागाडीतून जात होते. वीज, टेलिफोन आणि मोटार नाकारण्याचे निर्णय विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत, आणि ‘ओल्ड ऑर्डर’ (जुन्या वळणाचे आमिश) हे वेगळेपणही १८६० च्या दशकानंतर ठरत गेले. त्याआधीच्या कथेत ‘आधुनिक जगापासून दूर राहिलेली नायिका’ दाखवली, तर ती शेजारणीपेक्षा वेगळी कशात आहे, हे लेखकाला सांगता येत नाही. १८९० मधली आमिश शाळा आणि तिथली आमिश शिक्षिका हीसुद्धा कालविसंगतीच आहे. तेव्हा आमिश मुले शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर सरकारी एकखोली शाळेत शिकत होती. सामान्य ऐतिहासिक प्रेमकथेत बायबलच्या वचनांकडे आधी पाहावे. १८७० च्या कॅन्सासमधली इंग्रजी बोलणारी नायिका किंग जेम्स आवृत्तीतूनच वाचणार. १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या न्यू इंटरनॅशनल आवृत्तीतले वाक्य तिच्या तोंडी येऊ शकत नाही. आमिश नायिकेसमोर तर ल्यूथरचे जर्मन बायबल असते. ‘तू जाशील तिकडे मी येईन’ या अर्थाचे रूथचे वचन नायकाला उद्देशून वापरण्याआधी हेही आठवावे, की रूथ ते आपल्या सासूला म्हणते.

त्या काळातल्या कायद्यांत मात्र कथानकाचा खजिना आहे. अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमिनीवर दावा लावून, तिथे पाच वर्षे राहून ती कसली की मालकी मिळत असे. एकवीस वर्षांची अविवाहित स्त्री हा दावा स्वतःच्या नावावर लावू शकत असे; नवऱ्याबरोबर राहणारी विवाहिता लावू शकत नसे. दावा लावायच्या आदल्या आठवड्यात भल्या माणसाने लग्नाची मागणी घातली, तर नायिकेने काय करावे? या एका प्रश्नापुढे दरोडेखोरांची टोळी फिकी पडते.

राहिली भाषा. आमिश लोक बाहेरच्या माणसाला, मग तो जर्मन वंशाचा का असेना, ‘इंग्लिश’ म्हणतात. एका अनुवादात याचे ‘इंग्रज’ झाले होते आणि ओहायोच्या खेड्यात जणू कंपनी सरकारची छावणी पडली होती. ‘बाहेरचे लोक’ म्हणावे, किंवा ‘इंग्लिश’ तसाच ठेवून पहिल्या प्रकरणात एकदा उलगडावा. धार्मिक शब्द मराठी ख्रिस्ती घरांत चालतात तेच घ्यावेत: बाप्तिस्मा, मंडळी, उपासना, पश्चात्ताप, प्रभुभोजन. ‘दीक्षा’, ‘भजन’, ‘महाराज’ हे शब्द घातले की ओहायोचे आळंदी होते.

तू आणि तुम्ही यांचा प्रश्न मराठीचा खास आहे, आणि इंग्रजी मूळ त्यात काहीच मदत करत नाही. एकाच मंडळीत वाढलेली मुले एकमेकांना लहानपणापासून ‘तू’ म्हणतील. परगण्याबाहेरून आलेल्या तरुणाला मात्र नायिका ‘तुम्ही’ म्हणेल, आणि ती ‘तू’वर कोणत्या पानावर येते, हे लेखकाने जपून ठरवावे, चुंबनाला बंदी असलेल्या साहित्यप्रकारात तो बदल चुंबनाचेच काम करतो. उघड बोलण्याचा मोहही आवरावा. ‘देवाने आपल्याला एकमेकांसाठीच घडवले आहे, सारा’ असे वाक्य जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असते, आणि तसे कोणताही आमिश शेतकरी म्हणणार नाही. लँकेस्टरच्या लग्नात सेलेरी ही लांब देठांची भाजी फार लागते, शिजवलेलीही आणि टेबलावर फुलदाणीत उभी करूनही. म्हणून कोणाच्या मळ्यात यंदा सेलेरी जास्त लावली आहे, यावरून शेजारीपाजारी लग्नाचा अंदाज बांधतात. हे ठाऊक असलेल्या लेखिकेने त्याच प्रसंगाचे दुसऱ्या खर्ड्यात असे केले:

बग्गी फाटकापाशी थांबली. ती उतरली, तरी त्याने लगाम हलवला नाही.

“तुझे वडील यंदा सेलेरी किती लावणार आहेत?”

“दरवर्षीइतकीच. दोन ओळी.”

“जास्त लावायला सांगशील?”

तिने फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली.

“किती जास्त?”

“तीनशे माणसांना पुरेल इतकी.”