मातीच्या तटावरची जखम: ओली की सुकलेली?

मातीचा जुना तट कुठे झिजतोय ते बघायला गेलात की लगेच वर चढू नका. आधी पायथ्याने, खंदकाच्या कडेकडेने एक फेरी मारा. झिजलेली माती खाली येऊन साचते, म्हणून हिशेब खालूनच लागतो. वेळ सकाळची नाहीतर उन्हं कलतानाची धरा. पहिल्या वर्षी मी भर दुपारी फोटो काढले. सगळे उतार सपाट दिसले, आणि कुठे उभी होते तेही लिहून ठेवलं नव्हतं. पुढच्या खेपेला जुळवायला बसले तर एकही फोटो कामाचा नाही. आता जागा, दिशा, तारीख वहीत जाते आणि चौकटीत एक मीटरची पट्टेदार काठी असते.

उघडी माती दिसली की सगळे टेप काढतात. मी आधी गुडघ्यावर बसून तिची कड बघते. कड धारदार आहे, वरचं गवत वळचणीसारखं पुढे आलंय, खाली मुळं लोंबतायत, पायथ्याशी भुसभुशीत ढीग आहे आणि त्यावर एक पातंही उगवलेलं नाही, तर जखम ओली आहे, म्हणजे माती अजून जातेय. कड गोलावली, ढिगावर शेवाळ धरलं, गवत बाजूंनी आत सरकतंय, तर ती भरून येतेय. मोठी पण सुकलेली जखम लक्ष द्यायच्या यादीत खाली जाते; वीतभर ओली वर.

मग मोजा: लांबी, रुंदी, आणि तीन ठिकाणची खोली. ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, सरासरी २० सेंटिमीटर खोल म्हणजे साधारण १.२ घनमीटर माती गेली.

गवताला इतका भाव का? इंग्लंडमध्ये ओव्हर्टन डाउनवर १९६० साली अभ्यासकांनी मुद्दाम नवा बांध आणि खंदक रचला. २, ४, ८, १६ वर्षं अशा दुपटीच्या अंतराने तो कापून बघायचा, शेवटचा छेद १२८ वर्षांनी. सुरुवातीच्या वर्षांत खंदकात भराभर गाळ आला. गवत धरलं तसा वेग उतरला. म्हणजे शेकडो वर्षं स्थिरावलेल्या तटावरचं गवत गेलं, की त्या तुकड्यापुरता तो पुन्हा पहिल्या वर्षात जातो.

कारण बहुतेकदा आसपासच सापडतं. उतारावर सरळ चढणारी पायवाट पावसाळ्यात ओघळ होते. (रोज एकाच वाटेने चढणारा पाहणीवालाही त्यात आला.) गुरांच्या येण्याजाण्याने आडव्या पायऱ्या पडतात. बिळापाशी उकरलेल्या मातीचा रंग बघा. ती वरच्या थरापेक्षा वेगळी असेल, कोळसा किंवा खापरं दिसत असतील, तर प्राणी आतल्या थरांपर्यंत पोचलाय. खापर उचलू नका, जागेवरच फोटो घ्या. वाळलेलं झाड उपटायचं कुणी सुचवलं तर अडवा: मुळांसकट थर निघतात. ते बुंध्याशी कापावं, मुळं आतच कुजू द्यावीत.

ओल्या जखमेत स्वतः माती लोटू नका. बाहेरची माती आत गेली की मूळचं कुठलं आणि भरलेलं कुठलं, ते पुढे ओळखणं अवघड होतं. संबंधित खात्याला कळवा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा घ्या.