गोल्फ क्लबचं कस्टम फिटिंग करावं का? पैसे देण्याआधी काय काय तपासायचं

मे महिन्यातली सकाळ, साडेसहा वाजलेले, खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर मी ७ आयर्न (धातूच्या डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब) घेऊन प्रॅक्टिस करत होतो आणि बॉल नेहमीसारखा डावीकडे चालला होता. नेहमीसारखा म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. कोचने ग्रिप बदलून बघितली, स्टान्स बदलून बघितला, मी घरी आरशासमोर हळू स्विंग करून बघितला, काही फरक नाही. शेजारी एक काका उभे होते, ते म्हणाले थांब जरा, बॅगेतून व्हाइटबोर्डचं मार्कर काढलं, माझ्या बॉलवर एक जाड उभी रेघ मारली, ती रेघ क्लबकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाले आता मार. मारला. क्लब उचलून बघितला तर फेसवर (बॉलला लागणाऱ्या बाजूवर) त्या रेघेचा ठसा उमटलेला, आणि तो सरळ उभा नव्हता, वरचं टोक टो कडे (क्लबच्या डोक्याच्या बाहेरच्या टोकाकडे) झुकलेलं स्पष्ट दिसत होतं. काका म्हणाले, "तुझा क्लब तुला जास्त उभा पडतोय, आधी तो वाकवून घे, मग स्विंग सुधार."

त्यानंतर मी या विषयात बराच शिरलो, स्वतःचं फिटिंग केलं, बायकोचं केलं, दोन-तीन मित्रांबरोबर गेलो. कस्टम फिटिंगचे, म्हणजे क्लब आपल्या शरीराला आणि स्विंगला जुळवून घेण्याचे, पैसे वसूल होतात का, असं नेरूळ-सीवूड्समधले नवीन खेळायला लागलेले मित्र सारखे विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो. माझं मत असं की हो, होतात, पण लोक उलट्या बाजूने सुरू करतात. नवीन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घ्यायचा ठरवतात, दोन तास स्क्रीनसमोर बॉल मारतात, आणि ग्रिप, लांबी, लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) या कमी खर्चाच्या गोष्टी तशाच राहतात.

सगळ्यात आधी, तुमचा स्विंग मोजण्याइतका स्थिर आहे का ते बघा

याला एक रुपया लागत नाही. घरातली टाल्कम पावडर घ्या, ७ आयर्नच्या फेसवर बोटाने पातळ चोळा, एक बॉल मारा, ठसा कुठे आला ते बघा, पुसा, परत चोळा, परत मारा, असे वीस बॉल. दर वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर नंतर तुलना करायला सोपं जातं. वीसपैकी बारा-तेरा ठसे दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील, मग ती जागा फेसच्या मधोमध नसली तरी चालेल, तर तुम्ही फिटिंगला तयार आहात. एक टो ला, एक हील ला (दांड्याकडच्या टोकाला), एक खालच्या कडेवर असं चाललं असेल तर तेच पैसे सहा-आठ लेसनला द्या. हे माझं स्वतःचं मोजमाप आहे, कोणता नियम नाही, पण यामागचं कारण पक्कं आहे, फिटर तुमच्या आजच्या स्विंगला क्लब जुळवणार आणि तो स्विंगच दोन महिन्यांनी बदलणार असेल तर जुळवायचं कशाला?

याला अपवाद म्हणजे उंची. साडेपाच ते सहा फुटांच्या बाहेर असाल, लहान मूल असेल, किंवा बाई पुरुषांच्या सेटने खेळत असेल तर पहिल्या दिवसापासून बेसिक फिटिंग हवंच. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मग ग्रिप

आपल्याकडे खाडीकाठची दमट हवा, एप्रिल-मे मध्ये तिसऱ्या होलपर्यंत हात घामाने ओले, त्यात ग्रिप गुळगुळीत झालेली असेल तर आपण नकळत मुठी आवळतो आणि मुठी आवळल्या की खांदे-मनगटं सगळं कडक होतं. आधी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ग्रिप घासा, पुसून सावलीत वाळवा, बऱ्याचदा एवढ्यानेच जान येते. नाही आली तर नवीन बसवा, घाम जास्त येणाऱ्यांनी आत सुताचे धागे असलेली कॉर्ड ग्रिप बघावी, हाताला खरखरीत लागते पण घसरत नाही.

जाडी तपासायची असेल तर डाव्या हाताने (उजखोऱ्यांसाठी) क्लब धरा, मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला हलकी टेकली पाहिजेत. बोटं गादीत रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, मध्ये फट राहत असेल तर जाड. दुकानात ग्रिपखाली टेपचे जास्त थर देऊन जाडी वाढवून मिळते, सगळ्यांनाच मिडसाइज (मुळातच जाड) ग्रिप घ्यायची गरज नसते.

लांबी आणि लाय, इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लांबी फक्त उंचीवर ठरत नाही, हात किती लांब आहेत त्यावर पण ठरते. घरी कोर्सवरचेच शूज घालून ताठ उभे राहा, हात मोकळे सोडा आणि कोणाला तरी मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप धरायला सांगा. साधारण ३४ ते ३६ इंच आलं तर बहुतेकांना स्टँडर्ड लांबी चालते, बाहेर आलं तर अर्धा इंच कमी-जास्तचा विचार सुरू करायचा. मी ५ फूट ५ इंच आहे, लोक म्हणाले अर्धा इंच कापून घे, पण माझे हात आखूड असल्यामुळे माप तेहेतीसच्या वर आलं, आणि फिटरने अर्धा इंच कमी आणि स्टँडर्ड असे दोन्ही क्लब मारायला दिले तेव्हा स्टँडर्ड लांबीवर ठसे जास्त मधोमध येत होते. म्हणजे टेपचं माप हा फक्त सुरुवातीचा अंदाज, निकाल फेसवरचे ठसे देतात.

आता लाय. क्लब जमिनीवर टेकवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय अँगल, ७ आयर्नला बहुतेक कंपन्यांचा ६२-६३ अंशांच्या आसपास असतो. इम्पॅक्टच्या क्षणी क्लबचा तळ सपाट असला पाहिजे. टो वर उचललेला असेल (म्हणजे क्लब तुम्हाला अपराइट आहे) तर उजखोऱ्याचा बॉल डावीकडे निघतो, टो खाली रुतत असेल (फ्लॅट आहे) तर उजवीकडे. साधारण १५० यार्डवर एका अंशाला तीन-चार यार्ड धरा, म्हणजे दोन अंश चुकीचे असतील तर उत्तम मारलेला बॉल पण ग्रीनच्या कडेला जातो, आणि आपण बिचारे स्विंगमध्ये दोष शोधत बसतो. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जितका जास्त तितका हा परिणाम जास्त, त्यामुळे वेजला (जवळच्या उंच शॉटच्या क्लबला) सगळ्यात महत्त्वाचा आणि ड्रायव्हरला सगळ्यात कमी.

मार्करची टेस्ट अशी करायची:

१. पुसता येणारं मार्कर घ्या, बॉलवर जाड रेघ मारा, बॉल असा ठेवा की रेघ फेसकडे येईल आणि जमिनीला बरोबर काटकोनात उभी राहील.
२. नेहमीचा स्विंग, जोर लावू नका, मुद्दाम सरळ मारायचा प्रयत्न पण करू नका.
३. ठसा बघा. फेसवरच्या आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. वरचं टोक टो कडे झुकलं तर अपराइट, हील कडे झुकलं तर फ्लॅट.
४. किमान आठ-दहा वेळा करा आणि फक्त मधोमध बसलेले शॉट धरा.

माझे बहुतेक ठसे टो कडे झुकलेले होते. फिटरने लाय-लॉफ्टच्या मशीनमध्ये एकेक आयर्न अडकवून दोन-दोन अंश फ्लॅट केलं, पाऊण तासात सगळा सेट झाला, नवीन काहीच विकत घेतलं नाही. पुढच्याच रविवारी बॉल सरळ निघायला लागला असं म्हणणार नाही, कारण दीड वर्ष मी डावीकडचं वाचवायला शरीर उजवीकडे वळवायची सवय लावून घेतली होती, ती जायला दोन महिने गेले, पण नंतर कोच जे सांगत होता ते पहिल्यांदा लागू पडायला लागलं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न नरम लोखंडाचे असतात, आरामात वाकतात, कास्ट (साच्यात ओतलेले) स्टेनलेस स्टीलचे कडक असतात, त्यांना एक-दोन अंशांपलीकडे ओढलं तर होझलला (दांडा डोक्यात बसतो त्या नळीला) तडा जाऊ शकतो, म्हणून वाकवायच्या आधी तुमचं मॉडेल कुठलं ते फिटरला सांगा. आणि आधी लांबी ठरवा मगच लाय, कारण अर्धा इंच लांबी कमी केली की क्लब साधारण एक अंश फ्लॅट खेळतो. सेकंडहँड पिंग कंपनीचे आयर्न घेत असाल तर होझलजवळचा रंगाचा ठिपका बघा, काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा-हिरवा अपराइटकडे, लाल-नारिंगी फ्लॅटकडे. ही रंगांची पद्धत पिंगने, म्हणजे कार्स्टन सोलहाइमच्या कंपनीने, १९७०च्या दशकात आणली आणि जुना सेट घेणाऱ्याला अजून उपयोगी पडते.

नवऱ्याचा जुना सेट कापून बायकोला देऊ नका

हे मला मनापासून सांगायचंय कारण आमच्याकडे हेच झालं. बायको ५ फूट १ इंच, तिने खेळायचं ठरवलं तेव्हा एका दुकानात मला सांगितलं की साहेब नवीन कशाला, तुमचाच स्टीलचा सेट इंचभर कापून देतो. कापून दिला. बॉल वर उठेना, आणि दीड महिन्यात तिचं कोपर दुखायला लागलं.

नंतर कळलं की अर्धा इंच कापलं की स्विंगवेट (स्विंग करताना डोकं किती जड जाणवतं त्याचं माप) साधारण तीन पॉइंट कमी होतं, इंचभर म्हणजे सहा, त्यामुळे डोक्याचं वजन हाताला जाणवतच नाही, शिवाय वरून कापलेला शाफ्ट (दांडा) थोडा कडक होतो आणि स्टीलचा दांडा एकटाच शंभर ग्रॅमच्या पुढे. म्हणजे क्लब एकूण जड, पण टोक हलकं आणि दांडा कडक, नवीन शिकणाऱ्या बाईला याहून वाईट काय देणार. मग आम्ही पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या ग्रॅफाइट शाफ्टचा बायकांचा जुना सेट घेतला, त्याची लाय तपासून घेतली. आता तिचा ७ आयर्न हवेत जातो आणि कोपर दुखत नाही.

आता शाफ्ट आणि ड्रायव्हर, इथे मशीन लागतं

शाफ्टवर आर, एस असं लिहिलेलं असतं, रेग्युलर, स्टिफ वगैरे, पण या अक्षरांचं सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एकच माप नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका असू शकतो. म्हणून "मी स्टिफ वापरतो" यावर अडून बसू नका, वजन आणि बॉल कसा उडतोय ते बघा. ढोबळ अंदाज म्हणून ड्रायव्हरचा स्पीड ताशी ८५-९५ मैल असेल तर रेग्युलर, ९५-१०५ असेल तर स्टिफ पासून सुरू करतात.

लाँच मॉनिटर (बॉलचा आणि क्लबचा वेग वगैरे मोजणारं मशीन) रडारवर चालणारा असो की कॅमेऱ्याचा, फिटिंगला जाताना मी हे पाळतो:

स्वतःचा ड्रायव्हर आणि स्वतःचे दोन आयर्न घेऊन जायचे आणि पहिले दहा बॉल त्यानेच मारायचे, नाहीतर नवीन क्लबची तुलना कशाशी करणार. घासलेले रेंज बॉल (सरावाच्या मैदानावरचे बॉल) असतील तर चांगले बॉल मागायचे, कारण रेंज बॉलचे स्पिन-अंतराचे आकडे कोर्सवरच्या बॉलशी जुळत नाहीत. सगळ्यात लांब गेलेल्या एका शॉटवर फिदा व्हायचं नाही, दहा बॉल किती रुंदीत पडले ते बघायचं. स्मॅश फॅक्टर म्हणजे बॉलचा स्पीड भागिले क्लबचा स्पीड, ड्रायव्हरला १.५ च्या आसपास म्हणजे उत्तम, तुमचा १.३८ असेल तर आधी मधोमध लागणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी कित्येकदा अर्धा इंच आखूड ड्रायव्हर कामाला येतो. साठ-सत्तर बॉलनंतर थकवा येतो, स्विंग बदलतो, तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी या.

आणि मॅट, म्हणजे सरावाची कृत्रिम गवताची चटई. मॅटवर क्लब बॉलच्या आधी टेकला तरी घसरत पुढे जातो, शॉट ठीक वाटतो, गवतावर तोच शॉट वीस यार्ड मागे पडतो. शक्य असेल तर आयर्नचं आणि वेजचं फिटिंग गवतावर करून घ्या. खारघरला चढउतार आहेत, बॉल पायाच्या वर-खाली पडतो, त्यामुळे वेज सपाट मॅटवर ठरवून मग डोंगरउतारावर खेळणं मला तरी पटत नाही.

पैसे देताना

तीन गोष्टींचे भाव वेगवेगळे विचारा: फिटिंगची फी, बदल करायचा खर्च, आणि नवीन क्लबची किंमत. काही ठिकाणी क्लब घेतला की फी वळती करतात, ऐकायला छान वाटतं पण मग फिटरचा कल विक्रीकडे जातो, म्हणून मी सरळ विचारतो की माझाच सेट दुरुस्त करून चालेल का, आणि तो चालेल म्हणत असेल तर तो माणूस माझा. एकाच कंपनीचा फिटर असेल तर त्याच्याकडे पर्याय त्याच कंपनीचे असणार, हे धरून चला. शेवटी सगळी मापं लिहून मागा: लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचं नाव आणि वजन, ग्रिपची जाडी, स्विंगवेट. हा कागद तुमचा आहे, पुढे सेकंडहँड घेताना पण चालतो.

कस्टम ऑर्डर यायला आठवडे लागतात, आणि आलेला सेट न तपासता कोर्सवर नेऊ नका. माझ्या मित्राच्या सेटमध्ये ८ आयर्नचा लॉफ्ट दोन अंश कमी निघाला, त्याचा ७ आणि ८ जवळपासच्या अंतरावर पडत होता आणि तो महिनाभर स्वतःलाच दोष देत होता. मशीनवर प्रत्येक क्लबचा लॉफ्ट-लाय तुमच्यासमोर मोजून घ्या, कागदाशी ताडून बघा, एका अंशाच्या पुढे फरक असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. फोर्ज्ड आयर्न वापरत असाल आणि कडक मॅटवर भरपूर सराव असेल तर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, हेच माप परत घ्या, कारण नरम लोखंड बॉल मारता मारता हळूहळू सरकतं. मी दसऱ्यानंतर घेतो.