क्रोम केलेली स्प्रिंगफील्ड 1903: साफ कशी करायची आणि फायर करायची की नाही

अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटना परेडला, मानवंदनेला वापरायच्या त्या क्रोमचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगफील्ड 1903 या जुन्या लष्करी रायफली अजून विकायला येतात, आणि घेणारा पहिलं विचारतो की चमक कशी आणू. चमक सोपी आहे हो, आधी ती फायर करण्यालायक आहे का ते बघा.

रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) काढा, नळीतून रॉड घाला. रॉड अडला किंवा नळीच्या सांध्यावर, मॅगझिन कट-ऑफवर (मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी कळ) वेल्डिंग दिसलं तर ती ड्रिल रायफल, म्हणजे फक्त कवायतीसाठी बंद केलेली, भिंतीवर लावा. वेल्ड घासून परत चालू करा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, त्या उष्णतेने स्टीलचं पाणी उतरलेलं असतं.

आता खरी किचकट गोष्ट, रिसीव्हरवरचा, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य भागावरचा नंबर. स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्याचा 8,00,000 च्या खालचा किंवा रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याचा 2,85,507 च्या खालचा असेल तर फायर करायची नाही, मग कोणी काहीही सांगो. तेव्हा कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याने बघून तापमान ठरवायचे, उजेड बदलला की अंदाज चुकायचा, त्यात काही रिसीव्हर जळून ठिसूळ झाले आणि 1918 च्या सुमाराला ती पद्धत बदलावी लागली. 'शंभर वर्षं टिकलीय, आता काय होणार' हा युक्तिवाद मला अगदी नको होतो, कारण असा रिसीव्हर रोजच्या दाबाला टिकतोही, पण एखाद्या काडतुसाची पुंगळी मागून फुटली की काचेसारखा तुकडे होऊन उडतो, आणि तुमचा चेहरा तिथून वीतभर लांब असतो. नळीवरची तारीख बघून समाधान मानू नका, नळ्या बदलल्या जायच्या, नंबर रिसीव्हरचाच बघायचा. क्रोमच्या आधी बफिंग होतं त्यामुळे आकडे पुसट असतात, भिंग घ्या, आडवा टॉर्च मारा, वाचता आला नाही तर फायर करू नका. रेमिंग्टन आणि स्मिथ-कोरोना या कंपन्यांनी बनवलेल्या 1903 रायफलींना हा नंबरचा प्रश्न नाही.

नंबर पास झाला तरी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, मोजायचीच. बोल्टच्या लगवर (बोल्ट अडकवून ठेवणारे उंचवटे) क्रोम चढलेलं असेल तर ते झिजून, सोलून जातं आणि जागा वाढत जाते, म्हणून आज आलेलं माप पुढे तसंच राहील असं धरू नका. हे मोजायला काडतुसाच्या आकाराचे गेज मिळतात: या रायफलीच्या थर्टी-ऑट-सिक्स (.30-06) काडतुसाचा गो गेज 1.940 इंच, फील्ड गेज 1.950. फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) काढून बोटाच्या हलक्या जोराने बोल्ट लावा, गोवर बंद झाला पाहिजे, फील्डवर होता कामा नये. मग अनुभवी गनस्मिथकडून एकदा तपासून घ्या, हे पैसे वाचवू नका.

क्रोम घरी काढायच्या भानगडीत पडू नका, अ‍ॅसिडने हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होतं. साबणाचं पाणी, मऊ फडकं, पातळ तेल, बास. नळीतलं तांबं काढायचं अमोनियावालं सॉल्व्हंट बाहेर सांडू देऊ नका, मुलाम्याखाली तांब्याचा थर असला तर तो खाऊन टाकतं. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल, त्यावर ठोकलेल्या शिक्क्यांवर सँडपेपर नाही.

भारतात राहत असाल तर आर्म्स अ‍ॅक्ट 1959 प्रमाणे परवान्याशिवाय यातलं काही करायचं नाही. अमेरिकेत रेंजवर चष्मा, कानाला मफ्स, साधी नवीन फॅक्टरी काडतुसं, एका वेळी एकच. प्रत्येक पुंगळी उचलून बघा, बुडाच्या थोडं वर चकाकती कडी दिसली की तिथेच थांबा आणि रायफल गनस्मिथकडे न्या.