कोळीवाड्याची हद्द वाढवून हवी? आधी वाळवणाची जागा मोजा

पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर बऱ्याच कोळीवाड्यांत गावठाणाची रेघ शेवटच्या घराच्या भिंतीला चिकटून जाते. पलीकडची वाळू दप्तरात मोकळी. प्रत्यक्षात तिथे बोंबील वाळतो, जाळी पसरतात, पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या असतात. ‘लोकसंख्या वाढली, जागा द्या’ एवढाच अर्ज केला, तर ‘मजले चढवा’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून घरांबरोबर कामाची जागाही मागायची, आणि तीही मोजून, नकाशा काढून.

सगळी गोम नकाशाच्या प्रमाणात आहे. किनारा व्यवस्थापन आराखडा 1:25,000 प्रमाणावर असतो. त्यात 12 बाय 6 मीटरचं वाळवणाचं अंगण अर्धा मिलिमीटरही भरत नाही. 1:3,960च्या गावनिहाय नकाशावर ते जेमतेम 3 बाय दीड मिलिमीटर. तुम्ही 1:200वर काढा: तेच अंगण 6 बाय 3 सेंटिमीटरचं होतं, आणि सुनावणीत टेबलावर बोट ठेवून दाखवता येतं. मच्छीमारांची सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा गावनिहाय नकाशावर दाखवाव्यात आणि त्यांच्या घरांच्या पुढच्या गरजेचा आराखडा राज्याने करावा, हे 2011च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच लिहिलेलं होतं. अर्जात त्याचा उल्लेख करा. 2019ची अधिसूचना नंतरची आहे, तीही सोबत वाचून घ्या.

आधी कागद: गावठाणाचा भूमापन नकाशा, मिळकत पत्रिका, लगतच्या जमिनींचे सात-बारा. शिवाय निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या महसुली नोंदी मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 आणि 165 नुसार गावाचे वहिवाटीचे हक्क तिथे नोंदवायचे असतात. नोंद नसेल, तर नसल्याचं लेखी घ्या.

मोजणीला पाच माणसं, 30 मीटरची फीत, ओळंबा, खडू आणि ए-1 कागद पुरतात. सरकारी नकाशावर सापडतील असे तीन पक्के बिंदू धरा: विहीर, देऊळ, हद्दीचा दगड. प्रत्येक चौकोनाच्या चार बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजा; कर्ण सोडले की कागदावरचा वाडा तिरका होतो आणि चूक पुढच्या घरात सरकत जाते. फेरी पूर्ण करून पहिल्या बिंदूवर या. 100 मीटरच्या फेरीत 30 सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. मोबाइलचा जीपीएस सहज 3 ते 5 मीटर चुकतो आणि गल्लीच दोन मीटरची असते, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. पक्क्या बिंदूंपुरतं डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) यंत्र भाड्याने आणलं तर चांगलं.

हे काम दोनदा करायचं, आणि इथेच बहुतेक गावं चुकतात. ऑक्टोबर ते मे वाळवणाचे दिवस, तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढलेल्या. एकाच मोसमात मोजलं की निम्मा वापर दिसतच नाही. दोन ट्रेसिंग पेपर करा, एकावर एक ठेवा. हिशेब असा: 9 मीटर लांब, अडीच मीटर रुंद होडीभोवती तळ खरवडायला, डांबर लावायला माणूस फिरतो, म्हणजे 12 बाय साडेचार, 54 चौरस मीटर. 40 होड्यांना 2,160 चौरस मीटर, जवळपास सव्वाएकवीस गुंठे, वाटा सोडून. उंबरठे न मोजता चुली मोजा. एका छपराखाली तीन चुली निघतात.

मग एका घराचा उभा छेद काढा, म्हणजे घर वरून खाली कापल्यावर आतलं दिसेल तसं चित्र. खाली ओटा, जाळी आणि इंजिनाची खोली, वर राहणं. 40-50 किलोचं ओलं जाळं जिन्याने वर नेता येत नाही, हे छेदात एका नजरेत कळतं. ‘मजले चढवा’ला एवढं उत्तर पुरे. वरचा मजला पुढच्या पिढीच्या घरासाठी दाखवायला हरकत नाही, तळ मात्र कामालाच.

नकाशात आजचा वापर काळ्या रेषेत, मागणी तुटक रेषेत. दोन्ही मिसळलं की सगळ्याच नकाशावरचा विश्वास उडतो. भरतीची रेषा स्वतः ठरवू नका. ती अधिकृत संस्थेकडून येते, तुमची खूण ‘स्थानिक निरीक्षण’ म्हणून वेगळी ठेवा. घरांवर नावं नकोत, क्रमांक घाला. मागणी गायरानावर नेलीत तर अर्ज अडकेल. गायरान वाटपावर 2011पासून कडक निर्बंध आहेत. आणि निर्णय येण्याआधी वाळवणावर काँक्रीट ओतू नका किंवा पत्र्याची शेड ठोकू नका. आजवरची वहिवाट बाजूला पडते आणि प्रकरण अतिक्रमणाचं होऊन बसतं. बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडी काढता-घालता येतात, त्या राहू द्या.

नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावा. शेजाऱ्यांचे हद्दीचे वाद तिथेच निघतील; वादातली जागा रेघोट्या मारून वेगळी दाखवा, लपवू नका. ठरावात पानांची संख्या आणि प्रत्येक पानाचा क्रमांक लिहा, नाहीतर फाइलमधून नेमकं छेदाचं पान गहाळ होतं. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, म्हणून मूळ अर्ज तिकडे. तहसीलदार आणि नगररचना कार्यालयाला प्रती. किनारा आराखड्याचा मसुदा निघाला की हाच संच हरकतीच्या मुदतीत वेगळा दाखल करा. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. मूळ ट्रेसिंग मात्र गावातच ठेवा, गुंडाळून, कोरड्या जागी. खाऱ्या हवेत घडी घातलेलं ट्रेसिंग घडीवरच फाटतं.