घरचा कॉम्प्युटर आठ-दहा वर्षं चालवायचाय? मग असा जोडा

कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की पोरं आधी ग्राफिक्स कार्डचं नाव घेतात, आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) काय, कॅबिनेटसोबत येतोय तोच बसवू म्हणतात. माझ्या पुतण्यानं असंच केलं, पहिल्याच पावसाळ्यात लाईट दोनदा गेली-आली आणि एसएमपीएस जाताना मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) पण घेऊन गेला. म्हणून सांगतो, जे परत परत बदलायचं नाही त्यावर आधी पैसे घाला, बाकीचं पुढं बदलता येतंय.

पहिलं काम दुकानात नाही, घरात. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत आला तर बरं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, ते बहुतेक वेळा अर्थिंग नसल्यामुळंच होतंय, आणि जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत हे लई ठिकाणी बघितलंय मी.

मग एसएमपीएस. ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ब्रॉन्झ किंवा गोल्ड, ५५०-६५० वॅट, आणि वॉरंटी पाच वर्षांच्या खाली नको. पुढं ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी हाच चालतो. सोबत यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा) घ्याच, पण त्याचा उपयोग काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता धरा, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायला लागते हे पण हिशोबात धरा.

आता बोर्ड, इथं जरा थांबून विचार करा. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचा एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) २०१६ ला आला, आणि २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला, म्हणजे बोर्ड तोच आणि पाच वर्षांनी मशीन नवी! सध्याचा एएम५ सॉकेट २०२२ चा आहे आणि त्याला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देणार असं कंपनीनं सांगितलंय. म्हणून आज मधला सहा कोरचा प्रोसेसर घ्या, पण बोर्डाला रॅमचे चार स्लॉट आणि एम.२ चे (एसएसडी बसवायचे) दोन तरी असू देत. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड घेणार नसाल तर तो घेऊ नका. रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, शक्य असेल तर १६-१६ च्या. एसएसडी (फाइली साठवायची वेगवान ड्राइव्ह) १ टीबी.

जोडताना घाई नको. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, दाबायचा नाही, आपोआप बसतोय. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची पॉवर केबल लई जण विसरतात आणि मग मशीन मेली म्हणून घाबरतात. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडनं चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर विकत घेतलेला स्पीड मिळतच नाही.

जुना कॉम्प्युटर घरात असेल तर तो पण टाकून देऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, पण त्यात एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम बसवली की पोरांचा अभ्यास, बिलं भरणं सगळं होतंय.

ठेवायचा कुठं, तर जमिनीवर नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठंपर्यंत आलं ते कोल्हापुरातल्या शाहूपुरीवाल्यांना सांगायला नको, पण पूर नसला तरी आपल्या पावसाळ्यात फरशीला ओल असतेच. टेबलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी चालू करा म्हणजे आतला दमटपणा जातो. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, पण त्यावेळी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरानं पंखा गरागरा फिरला की बेअरिंग जातंय.